एक विमान, अनेक भाडी

एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते, त्यामुळे महिनाभर आधी आरक्षण करणारा आणि गाडी सुटताना वाहकाकडून तिकीट घेणारा असे दोन प्रवासी एकाच आसनासाठी जवळपास सारखेच पैसे मोजतात. विमानभाड्याला हा हिशेब लागू पडत नाही. मुंबई-दिल्ली हे अंतर दोघांनाही सारखेच असले, आसन सारखेच अरुंद असले आणि विमान एकाच वेळी उतरणार असले, तरी एकाचे तिकीट दुसऱ्याच्या दुप्पट वा तिप्पट किमतीचे असू शकते, कारण विमान कंपनी आसनाबरोबरच प्रवाशाच्या निकडीचीही किंमत लावत असते. स्वस्त तिकीट मिळवण्याच्या ज्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात त्यांपैकी कोणत्या उपयोगाच्या आणि कोणत्या निव्वळ समजुती आहेत, हे ठरवायचे तर आधी ही किंमत कशी लावली जाते ते पाहावे लागते.

विमान एकदा उडाले की त्यातील रिकामे आसन विकण्याची संधी कायमची संपते. नाशवंत मालाच्या इतर व्यापारात अशा वेळी विक्रेता भाव उतरवतो आणि भाजीवाला संध्याकाळी उरलेल्या जुड्या निम्म्या किमतीत देऊन टाकतो. विमान कंपनी मात्र शेवटच्या दिवसांत भाव चढवते. याचे कारण असे, की आयत्या वेळी येणारे गिऱ्हाईक बहुधा कंपनीच्या कामासाठी, आजारपणासाठी किंवा अंत्यविधीसाठी निघालेले असते आणि ते भावावरून माघारी फिरत नाही. उलट पर्यटनासाठी निघालेले कुटुंब महिनोन्‌महिने आधी विचार करते, भाव जास्त वाटला तर गोव्याऐवजी महाबळेश्वरला जाते किंवा रेल्वेने जाते. या दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना एकमेकांपासून वेगळे काढून प्रत्येकाकडून शक्य तेवढे भाडे मिळवण्याच्या शास्त्राला ‘यील्ड मॅनेजमेंट’ म्हणजे उत्पन्न-व्यवस्थापन असे म्हणतात.

या शास्त्राचा पाया १९७२ साली ब्रिटनच्या ‘बीओएसी’ या तत्कालीन सरकारी विमान कंपनीतील केनेथ लिटलवूड यांनी घातला. त्यांचा नियम समजायला अवघड नाही. सवलतीचे तिकीट ४,००० रुपयांचे आणि पूर्ण भाड्याचे १०,००० रुपयांचे आहे असे धरले, तर आज समोर आलेल्या सवलतीच्या गिऱ्हाइकाला आसन विकावे की नंतर येऊ शकणाऱ्या पूर्ण भाड्याच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवावे, हा कंपनीपुढचा प्रश्न असतो. ते आसन पुढे पूर्ण भाड्याने विकले जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी असेल तर आजच विकावे, जास्त असेल तर राखून ठेवावे, असे उत्तर लिटलवूड यांनी दिले, कारण १०,००० चे ४० टक्के म्हणजे बरोबर ४,००० होतात. हाच विचार पुढे अनेक भाड्यांना आणि अनेक मार्गांना लागू करणारी गणिते तयार झाली आणि आज संगणक ती प्रत्येक उड्डाणासाठी पुनःपुन्हा सोडवत असतो.

या गणिताला व्यापारातील शस्त्राचे रूप मिळाले ते अमेरिकेत. तेथे १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा मार्ग मोकळा झाला आणि १९८१ साली नेवार्क येथून सुरू झालेल्या ‘पीपल एक्स्प्रेस’ने इतक्या कमी भाड्यात उड्डाणे सुरू केली की जुन्या कंपन्यांना तो भाव परवडेना. ‘अमेरिकन एअरलाइन्स’चे रॉबर्ट क्रँडल यांच्याकडे मात्र ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण यंत्रणा होती आणि कोणत्या विमानात किती आसने रिकामी जातात याची नोंद त्या यंत्रणेत वर्षानुवर्षे साठलेली होती. १९८५ मध्ये या कंपनीने आगाऊ आरक्षण आणि परतावा न मिळणे अशा अटी घालून, अन्यथा रिकामी गेली असती तेवढीच आसने पीपल एक्स्प्रेसच्या तोडीच्या भावात काढली आणि उरलेली आसने व्यावसायिक प्रवाशांना चढ्या भावाने विकणे चालू ठेवले. सर्वांना सरसकट स्वस्त भाडे देणारी पीपल एक्स्प्रेस १९८७ पर्यंत स्वतंत्र कंपनी म्हणून शिल्लक राहिली नाही. स्वस्त तिकिटाला चिकटलेल्या अटी या कंपनीच्या तुसडेपणातून आलेल्या नाहीत, तर ज्याला वेळ बदलण्याची गरज पडू शकते अशा प्रवाशाला त्या तिकिटापासून दूर ठेवणारे ते कुंपण आहे, ही गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते.

प्रत्यक्ष विक्रीत हे सारे ‘भाडेवर्गां’च्या रूपाने चालते. इकॉनॉमी हा प्रवाशाला एकच वर्ग दिसत असला, तरी आरक्षण यंत्रणेत त्याचे दहा-पंधरा किंवा अधिक कप्पे असतात; प्रत्येक कप्प्याला इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर, एक भाडे आणि विक्रीस खुल्या आसनांची एक संख्या जोडलेली असते. सर्वांत खालचा कप्पा संपला की यंत्रणा त्यावरच्या कप्प्याचे भाडे दाखवू लागते, आणि विक्री अपेक्षेपेक्षा मंद असेल तर बंद केलेला खालचा कप्पा पुन्हा उघडतेही. भारतीय रेल्वेने सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना जी ‘फ्लेक्सी फेअर’ पद्धत लावली, ती याच विचाराची सरळसोट आवृत्ती होती: दर १० टक्के आसने भरली की मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढत जायचे आणि दीडपटीवर थांबायचे. रेल्वेचा जिना असा सर्वांसमोर मांडलेला होता. विमान कंपनीच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे प्रवाशाला कळत नाही.

या कप्प्यांचा एक परिणाम कुटुंबाने मिळून प्रवास करणाऱ्यांना थेट भोवतो आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, एखाद्या उड्डाणाच्या ४,२०० रुपयांच्या कप्प्यात दोनच आसने उरली आहेत आणि त्यावरचा कप्पा ५,६०० रुपयांचा आहे. चौघांसाठी एकत्र शोध घेतला की यंत्रणा चारही आसने एकाच कप्प्यात मिळतील अशी जागा शोधते आणि बहुधा चौघांनाही ५,६०० रुपये भाडे लावून एकूण २२,४०० रुपये दाखवते. तेच आधी एका, मग दोन, मग तीन प्रवाशांसाठी शोधून पाहिले तर भाडे कोठे उडी घेते ते कळते, आणि दोन-दोन तिकिटे वेगळी काढली तर एकूण खर्च १९,६०० रुपयांवर येतो. अर्थात अशा वेळी दोन स्वतंत्र पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे दोन वेगळे क्रमांक, तयार होतात. उड्डाणात बदल झाला तर एक जोडी सकाळच्या आणि दुसरी संध्याकाळच्या विमानात टाकली जाण्याचा धोका त्यात असतो. १२ वर्षांखालील मुलाला त्याच पीएनआरवरील निदान एका पालकाच्या शेजारी आसन द्यावे, असे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ मध्ये कंपन्यांना दिले आहेत, तेव्हा विभागणी करताना मूल एका पीएनआरवर आणि आईवडील दुसऱ्यावर असे होऊ न देणे शहाणपणाचे.

एकाच उड्डाणाचा वारंवार शोध घेतल्यास संकेतस्थळ प्रवाशाला ओळखून भाव वाढवते, म्हणून ब्राउझरच्या खासगी खिडकीतून शोध घ्यावा, या सर्वदूर पसरलेल्या समजुतीचा उगमही बहुधा या कप्प्यांतच आहे. दुपारी पाहिलेले भाडे संध्याकाळी वाढलेले दिसते, कारण मधल्या वेळेत खालच्या कप्प्यातील शेवटचे आसन दुसऱ्याने घेतलेले असते, किंवा तुलना करणाऱ्या संकेतस्थळाने साठवून ठेवलेला जुना भाव खरेदीच्या पायरीवर ताज्या भावाने बदललेला असतो. खासगी खिडकीने नुकसान काही होत नाही, पण तिच्यावर विसंबून बसण्यात अर्थही नाही. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळते ही अशीच दुसरी समजूत. तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आणि कोणत्या प्रहरी आहे याने भाड्यात कितीतरी अधिक फरक पडतो. शुक्रवारची संध्याकाळ, रविवारची रात्र आणि सोमवारची सकाळ महाग असते, तर मंगळवार-बुधवारची दुपार, पहाटेची आडवेळ आणि मध्यरात्रीनंतरची उड्डाणे तुलनेने स्वस्त असतात.

दिवसांइतकेच महत्त्व दिशेला आहे. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून गोवा आणि सिंधुदुर्गाकडे जाणारी वाहतूक तुडुंब असते आणि त्याच दिवसांत उलट दिशेच्या विमानांत जागा असते. विसर्जनानंतर चित्र पालटते. देशांतर्गत मार्गांवर जाण्याचे आणि येण्याचे भाडे बहुतेक स्वतंत्रपणे ठरत असल्याने, जाऊन-येऊन तिकीट एकाच कंपनीचे घेण्याचा आग्रह धरण्यात फायदा नसतो. जाताना एका आणि येताना दुसऱ्या कंपनीचे विमान घेतल्याने पुष्कळदा पैसे वाचतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत मात्र दोन्ही दिशा भरलेल्या असतात आणि तेथे लवकर तिकीट काढण्यावाचून दुसरा इलाज नाही. एरवी देशांतर्गत प्रवासासाठी साधारण एक-दोन महिने आणि परदेशासाठी तीन-चार महिने आधीचा काळ बरा मानला जातो, कारण त्याहून फार आधी कंपनीला सवलत देण्याची घाई नसते आणि शेवटच्या दोन आठवड्यांत खालचे कप्पे बंद होऊ लागतात.

विमानतळाची निवड हाही भाड्याचाच भाग आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील मनोहर विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाल्यापासून गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन पर्याय मिळाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर मुंबई महानगरालाही दुसरा पर्याय मिळाला. पेडणे तालुक्यातील मोपा हे उत्तर गोव्यातील किनाऱ्यांना आणि सावंतवाडी-बांद्याच्या परिसराला सोयीचे आहे, पण काणकोणला जाणाऱ्याने तेथे उतरून हजार रुपये वाचवले तर ते टॅक्सीत जातील आणि वर पदरचे काही घालावे लागेल. कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रवाशाने कोल्हापूरबरोबर बेळगाव आणि पुणे, तर नाशिककराने ओझरबरोबर मुंबई आणि शिर्डी पाहावे. ‘गूगल फ्लाइट्स’सारख्या शोधयंत्रात संपूर्ण महिन्याची भाडी दिनदर्शिकेच्या रूपात दिसतात, एकाच वेळी अनेक विमानतळ टाकता येतात आणि ठरावीक मार्गाचे भाडे बदलल्यास सूचना मिळण्याची सोय असते. ‘स्कायस्कॅनर’ याच कामाचे आहे. तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढावे. तारखेत बदल, परतावा किंवा रद्द झालेले उड्डाण अशा वेळी मध्यस्थ असला की कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते आणि तो कंपनीकडे. मध्यस्थ संकेतस्थळांवर बँकांच्या कार्डांवरील सवलती खऱ्या असतात, पण त्यांचे सुविधा शुल्क प्रवासी आणि फेरी या दोन्हींच्या हिशेबाने लागू होत असेल तर चौघांच्या जाऊन-येऊन प्रवासात ते आठ वेळा मोजावे लागते, म्हणून तुलना नेहमी पैसे भरण्याआधीच्या अखेरच्या आकड्याचीच करावी.

तो अखेरचा आकडा कशाकशाचा बनतो हे पाहणे उद्‌बोधक आहे. मूळ भाडे आणि इंधन अधिभार हे कंपनीचे उत्पन्न. त्यावर इकॉनॉमी वर्गासाठी ५ टक्के वस्तू व सेवा कर, विमानतळानुसार बदलणारे वापरकर्ता विकास शुल्क आणि देशांतर्गत प्रवाशाकडून घेतले जाणारे २०० रुपयांचे सुरक्षा शुल्क येते. विमानाचे इंधन अजूनही वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्ये आपापला मूल्यवर्धित कर आकारतात, आणि भारतीय कंपन्यांच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असल्याने भाडे अमुक एका पातळीखाली उतरत नाही. कॅप्टन गोपीनाथ यांच्या ‘एअर डेक्कन’ने २००३ साली सुरुवात करून पुढे १ रुपयाची तिकिटे काढली तेव्हा पहिल्यांदाच विमानात बसलेले असंख्य प्रवासी या व्यवसायाला मिळाले, परंतु ती तिकिटे म्हणजे सर्वांत खालचा कप्पा होता आणि तो मोजक्या आसनांचाच होता. त्यानंतर किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट या कंपन्या बंद पडल्या, विस्तारा २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, आणि आज अनेक मार्गांवर प्रवाशाला निवड करायला दोन-तीनच नावे उरली आहेत. सवलतींच्या जाहिराती कितीही झळकल्या तरी स्पर्धेची ही टंचाई कोणत्याही युक्तीने भरून निघत नाही. भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना असले, तरी सरकारने करोनाकाळात मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत किमान आणि कमाल भाड्यांचे पट्टे लावले होते आणि डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाल्यावर पुन्हा काही काळ कमाल मर्यादा घातली होती, एवढा अपवाद नोंदवायला हवा.

स्वस्त भाड्यातून आता पुष्कळ गोष्टी वगळलेल्या असतात. केवळ ७ किलो हातसामानाचे भाडे सर्वांत कमी दिसते, पण गावाकडून निघताना लोणच्याची बरणी आणि तांदळाची पिशवी सोबत येणार असेल तर विमानतळावर प्रत्येक जादा किलोचे जे पैसे पडतात त्यात सवलत वाहून जाते. तेच वजन तिकीट काढतानाच घेतल्यास स्वस्त पडते. आवडीचे आसन आणि खाणे यांचेही पैसे वेगळे असतात. आसन निवडण्याच्या पानावर पैशाशिवाय पुढे जाण्याचा दुवा बारीक अक्षरांत असतो, पण असतो. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि सैनिक यांच्यासाठीची सवलत मूळ भाड्यावर आणि काही ठरावीक कप्प्यांवरच लागू होत असल्याने, सवलतीविना मिळणारे सर्वसाधारण भाडे कधी कधी तिच्याहून कमी भरते, म्हणून दोन्ही पाहावीत. विद्यार्थ्याला मिळणारे जादा सामान मात्र खरोखरच मोलाचे असते.

परदेशप्रवासाचा हिशेब काहीसा निराळा आहे, कारण तेथे जाऊन-येऊन तिकीट एकेरी तिकिटाच्या दुपटीपेक्षा बरेच स्वस्त असू शकते. अमेरिकेतील मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना जून-जुलै आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा महाग पडतो, तर फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या आसपासचा काळ सहसा सोसवतो. मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा कॅलिफोर्नियात असेल, तर मुंबईहून नेवार्कला जाणे आणि सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला परतणे हे एकाच तिकिटावर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायातून शोधावे. मधला अमेरिकेतील टप्पा स्वतंत्र काढला तरी एकूण खर्च पुष्कळदा आटोक्यात राहतो. दोहा, अबू धाबी किंवा इस्तंबूलमार्गे जाणारे तिकीट थेट विमानापेक्षा स्वस्त असते, कारण थेट जाण्याची सोय हीच एक महाग वस्तू आहे. व्हीलचेअर लागणाऱ्या वयस्कर प्रवाशासाठी तो जादा खर्च वाया जातो असे म्हणता येणार नाही.

दोन स्वतंत्र तिकिटे जोडून प्रवास बांधण्याची पद्धत, उदाहरणार्थ नागपूर-मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई-लंडन दुसऱ्याचे, भाडे कमी करते. पण पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले तर त्याची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असते तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीला भाग पडले असते. स्वतंत्र तिकिटे घ्यायचीच असतील तर मध्ये सहा-सात तास, आणि पावसाळ्यात एक रात्र, राखणे बरे. ज्या शहरात उतरायचे आहे त्याच्या पुढच्या शहरापर्यंतचे स्वस्त तिकीट काढून मधेच उतरून जाण्याची युक्तीही काही जण वापरतात. कंपन्यांच्या करारात तिला मनाई असते, चेक-इन केलेले सामान शेवटच्या शहराला जाऊन पोहोचते आणि एक टप्पा चुकवल्याबरोबर परतीचे आरक्षण आपोआप रद्द होते, तेव्हा ती सामान्य प्रवाशाच्या कामाची नाही. दिवाळीत किंवा मे महिन्यात एजंट ‘सिरीज फेअर’ म्हणून जी तिकिटे देतात, ती त्यांनी महिनोन्‌महिने आधी घाऊक घेतलेली आसने असतात. ती खरोखर स्वस्त असू शकतात, मात्र त्यांत नाव बदलणे किंवा परतावा मिळणे सहसा शक्य नसते.

परताव्याच्या बाबतीत प्रवासी आपला हक्क सोडून देतात तो बहुधा माहिती नसल्यामुळे. डीजीसीएच्या २०१६ च्या नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही आणि सर्व सरकारी कर, वापरकर्ता विकास शुल्क व प्रवासी सेवा शुल्क प्रवाशाला परत करावेच लागते, मग तिकीट ‘परतावा नाही’ या प्रकारचे असले किंवा प्रवासी विमानतळावर फिरकलाच नसला तरीही. शिवाय हा परतावा देण्यासाठी वेगळे प्रक्रिया शुल्क घेता येत नाही. तिकीट काढल्यानंतर ठरावीक तासांत ते विनाशुल्क रद्द करण्याची किंवा बदलण्याची सोयही नियमांत आहे, मात्र तिची मुदत आणि अटी वेळोवेळी सुधारल्या जातात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी लागू असलेला नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. दोन-अडीच हजारांच्या तिकिटात करांचा आणि विमानतळाच्या शुल्कांचा वाटा काही शे रुपयांचा असतो, आणि चौघांच्या जाऊन-येऊन प्रवासात तो काही हजारांवर जातो. प्रवास रद्द झाल्यावर ‘सगळे पैसे बुडाले’ असे समजून तिकीट तसेच सोडून देण्याऐवजी विमान सुटण्यापूर्वी संकेतस्थळावर जाऊन ते रद्द करावे, आणि ती वेळ टळून गेली असेल तर कंपनीकडे करपरताव्याचा अर्ज करावा.